आधी क्लिअरन्स मोजा, मग ऑइलचा डबा फोडा

धुळे-जळगावच्या एमआयडीसीत आणि हायवेलगतच्या गॅरेजांच्या ओळीत इंजिन बांधायचं काम बाराही महिने चालू असतं. क्रँक घासून येतो, नवीन बेअरिंग बसतात, पिस्टन-रिंग पडतात, खाली ऑइलचं चेंबर लागतं, आणि शेवटी प्रश्न उरतो की यात ऑइल कोणतं भरायचं. खानदेशात त्याचं उत्तर बहुतेक वेळा आभाळाकडे बघून दिलं जातं. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही पुढे जातो. एवढ्या उन्हात पातळ ऑइल टिकायचं नाही, तेव्हा जाड भरा, २०डब्ल्यू-५० भरा, इंजिन शांत चालेल. टर्बो डिझेल पिकअपचं रिमॅपिंग करून ताकद वाढवलेली असेल, तर हा सल्ला हमखास मिळतो.

सल्ला दर वेळी चुकतो असं नाही, पण तो देताना ज्या तीन गोष्टी बघायला हव्यात त्या बघितलेल्याच नसतात. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये फट किती आहे, त्या फटीत चालताना ऑइल किती तापतं, आणि त्यावर भार किती येतो, या त्या तीन गोष्टी. त्यातली फट सगळ्यात आधी येते, कारण ती इंजिन बांधतानाच ठरते आणि नंतर बदलता येत नाही.

मेन बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉडचं बिग एंड बेअरिंग, या दोन्ही ठिकाणी गोळ्या नसतात आणि रोलरही नसतात. दोन अर्धवर्तुळाकार शेल असतात, त्यांच्या आतल्या अंगाला मऊ धातूचा पातळ थर असतो, आणि त्यात क्रँकचा गुळगुळीत जर्नल फिरतो. इंजिन नीट चालू असताना जर्नल शेलला टेकत नाही. मध्ये ऑइलचा थर असतो आणि जर्नल त्यावर तरंगतो.

हे आज साधं वाटतं, पण ते कळायला १८८३ साल उजाडावं लागलं. इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचा अभियंता रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. वर भार पेलणारं अर्धं बेअरिंग, खाली तेलात बुडालेला आस, अशी त्याची मांडणी होती. वाफेच्या काळात भुसावळच्या शेडमध्ये आणि यार्डात ज्या ॲक्सल बॉक्सची निगा राखली जाई, त्यांतली बेअरिंगं याच जातीची. टॉवरने तेल घालायला बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं, तर तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून वर येऊ लागलं. त्याने लाकडी खुंटी ठोकून भोक बंद केलं. आस फिरताच खुंटी हळूहळू बाहेर ढकलली गेली. मग त्याने तिथे प्रेशर गेज लावलं, आणि काटा २०० पौंडांच्या टोकाला जाऊन भिडला. बेअरिंगवरचा सरासरी भार मात्र चौरस इंचाला १०० पौंडच होता. कोणत्याही पंपाशिवाय, नुसत्या फिरण्याने तेलात हा दाब तयार झाला होता. ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८६ मध्ये त्याचं गणित मांडलं, आणि आजही बेअरिंगचं डिझाइन त्याच समीकरणावर उभं आहे.

घडतं ते असं. भारामुळे जर्नल फटीत एका बाजूला सरकतो, त्यामुळे फट एकीकडे रुंद आणि दुसरीकडे अरुंद होते. फिरणारा जर्नल ऑइलला चिकटवून रुंद बाजूकडून अरुंद बाजूकडे ओढत नेतो. तिथे जागा कमी पडते, दाब वाढतो आणि तो दाब जर्नलला उचलून धरतो. पावसाचं पाणी साचलेल्या डांबरी रस्त्यावर वेगात गेलेल्या गाडीचं चाक पाण्यावर उचललं जातं, तेही याच नियमाने. वेग जास्त, ऑइल जाड, फट लहान, तितकी उचल जास्त.

आता भाराचा सरळ हिशेब करू. ९० मिलिमीटर बोअरच्या टर्बो डिझेलमध्ये जळणाचा कमाल दाब १६० बार धरला, तर पिस्टनवर दहा टनांहून अधिक जोर येतो. बिग एंडचा जर्नल ५४ मिलिमीटर व्यासाचा आणि बेअरिंग २४ मिलिमीटर रुंद असेल, तर चौरस सेंटिमीटरला साधारण ८०० किलो. ऑइल पंप देतो तीन-चार किलो. म्हणजे भार पेलतो तो फिरण्यातून तयार झालेला दाब. पंपाचं काम फटीत ऑइल सतत पोचवत राहण्याचं आहे, भार उचलण्याचं नाही. प्रेशर गेजचा काटा वर गेला म्हणून बेअरिंग सुरक्षित झालं असं समजणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघावेत. काटा इतकंच सांगतो की ऑइलला वाहायला किती अडथळा होतोय.

फट किती असावी याचा जुना ठोकताळा आहे : जर्नलच्या व्यासाच्या दर इंचाला एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मेट्रिकमध्ये तेच प्रमाण, ६० मिलिमीटरच्या जर्नलला ०.०६ मिलिमीटर, म्हणजे ६० मायक्रॉन. जास्त ताकदीच्या इंजिनाला त्यावर अर्धा थाऊ, म्हणजे बारा-तेरा मायक्रॉन, वाढवून देण्याची पद्धत आहे. कंपनीच्या पुस्तकात मर्यादा छापलेली असेल तर ठोकताळा बाजूला ठेवून तीच पाळावी. हल्लीच्या पेट्रोल गाड्यांत ही फट बरीच कमी ठेवतात, २५-४५ मायक्रॉन, आणि त्यात २० किंवा ३० ग्रेडचं पातळ ऑइल चालवतात, कारण त्याने इंधन वाचतं.

फट वाढवली की दोन गोष्टी होतात, आणि त्या एकमेकींच्या उलट जातात. पहिली म्हणजे वाहतं ऑइल झपाट्याने वाढतं. फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं, म्हणून ५० मायक्रॉनची फट ७५ झाली तर सारख्याच दाबाला जवळजवळ साडेतीनपट ऑइल बाहेर पडतं, आणि १०० झाली तर आठपट. एवढं ऑइल फिरतं तेव्हा ते उष्णताही घेऊन जातं. जोरात चालवायच्या इंजिनांना फट थोडी मोकळी देण्यामागचं खरं कारण हेच. दुसरी गोष्ट म्हणजे उचलण्याची क्षमता घटते, आणि ती फटीच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. फट दुप्पट झाली तर पूर्वीइतकीच उचल ठेवायला ऑइल चौपट जाड लागेल.

इथे जाड ऑइलवरच्या भरवशाची खरी मर्यादा दिसते. १०० अंशांना १५डब्ल्यू-४० ऑइलचा जाडपणा साधारण १४ सेंटिस्टोक असतो, २०डब्ल्यू-५० चा साधारण १८. फरक तीस टक्क्यांच्या आसपास. वर्गाचा हिशेब लावला तर एक ग्रेड वर चढून तुम्ही फटीतली चौदा टक्के वाढ भरून काढता, ६० मायक्रॉनला जेमतेम आठ मायक्रॉन. म्हणजे क्रँक घासणाऱ्याने थोडं मोकळं सोडलं असेल तर ५० ग्रेड ते सांभाळेल. पण बेअरिंग झिजून फट शंभरावर गेली असेल, इंजिन आतून टकटक करत असेल, तर जगातलं कोणतंही ऑइल ते भरून काढणार नाही. आवाज दबेल, काटा जरा वर येईल आणि काही दिवसांनी बेअरिंग फिरेल, मग क्रँक पुन्हा घासायला जाईल किंवा भंगारात. या चौदा टक्क्यांसाठीच मला हा लेख लिहावासा वाटला.

म्हणून मोजणं. घासलेला क्रँक दहा, वीस, तीस थाऊ अंडरसाइझचा शेल घेऊन येतो, आणि पुष्कळ ठिकाणी ‘वीस थाऊचा क्रँक, वीस थाऊचं बेअरिंग’ एवढ्यावर काम पुढे जातं. पण ग्राइंडिंगमध्ये पाच-दहा मायक्रॉनचा फरक सहज पडतो, आणि आपला सगळा हिशेब तेवढ्याच मायक्रॉनवर चाललेला आहे. नीट पद्धत अशी : शेल कोरडे आणि स्वच्छ बसवायचे, कॅप टॉर्क रेंचने पूर्ण टॉर्कला आवळायची, जर्नल मायक्रोमीटरने मोजायचा आणि त्याच मायक्रोमीटरमध्ये डायल बोअर गेज शून्यावर आणायचं. मग गेज बेअरिंगमध्ये धरलं की काट्यावर दिसते ती सरळ फट. माप जोडाच्या रेषेशी काटकोनात घ्यायचं, कारण शेल जोडापाशी मुद्दाम पातळ ठेवलेले असतात आणि तिथे फट खोटी मोठी दिसते. जर्नलही एकाच जागी मोजून भागत नाही. दोन टोकांना आणि आडवा-उभा मोजला तर निमुळतेपणा आणि लंबगोलपणा कळतो. बोअर गेज नसेल तर प्लास्टिगेजची पट्टी आहे. ती जर्नलवर ठेवून कॅप आवळायची, क्रँक अजिबात हलवायचा नाही, आणि चपटी झालेली पट्टी पाकिटावरच्या मापाशी ताडून बघायची. अचूकपणा कमी, पण न मोजण्यापेक्षा शंभरपटीने बरं.

आपल्याकडे यात एक वेगळी अडचण येते. मापं २० अंशांना घ्यायची असा जगभरचा संकेत आहे, आणि पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्याच्या दुपारी ४२ अंश असतात. क्रँक, मायक्रोमीटर आणि ब्लॉक तिन्ही एकाच जागी रात्रभर ठेवलेले असतील तर फारसं बिघडत नाही, कारण तिन्ही सहसा पोलाद-बिडाचे असतात आणि सारखेच फुगतात. घोटाळा होतो तो तापमानं वेगळी असताना. क्रँक टेम्पोत उन्हात तापून आला, ब्लॉक सावलीत थंड आहे आणि दोघांत दहा अंशांचा फरक आहे, तर ६० मिलिमीटरचा जर्नल सात मायक्रॉनने मोठा भरतो. म्हणजे जवळजवळ एका ग्रेडची चूक मोजतानाच झाली. मापं सकाळी लवकर घ्यावीत, आणि क्रँक आदल्या संध्याकाळपासून ब्लॉकशेजारी पडू द्यावा. ब्लॉक ॲल्युमिनियमचा असेल तर आणखी एक बाब : ॲल्युमिनियम पोलादाच्या दुप्पट फुगतं, त्यामुळे मेन बेअरिंगची फट गरम झाल्यावर वाढते. असं इंजिन थंड असताना घट्ट वाटतं म्हणून मोकळं करून ठेवू नये.

आता डब्यावरचे आकडे. १५डब्ल्यू-४० मधला डब्ल्यूचा आकडा थंडीतल्या वागण्याचा, आणि त्याच्या चाचण्या शून्याच्या खूप खाली होतात. १५डब्ल्यूची क्रँक फिरवण्याची चाचणी उणे २० अंशांना, २०डब्ल्यूची उणे १५ ला. धुळ्यात जानेवारीतल्या पहाटे पारा एका आकड्यात उतरतो, पण तो या चाचण्यांच्या आसपासही जात नाही. तरी फरक जाणवतोच. दहा अंशांना १५डब्ल्यू-४० साधारण ६०० सेंटिस्टोक असतं आणि २०डब्ल्यू-५० हजारावर. धुळ्याच्या थंडीत सकाळी सेल मारल्यावर टर्बोच्या बुशपर्यंत आणि हेडपर्यंत ऑइल पोचायला जाड ऑइल जास्त वेळ लावतं. झीज बरीचशी त्याच वेळी होते.

दुसरा आकडा १०० अंशांचा. एसएईच्या जे३०० प्रमाणात ३० ग्रेड म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० म्हणजे १२.५ ते १६.३, ५० म्हणजे १६.३ ते २१.९. पण बेअरिंगला याहून जवळचा आकडा डब्याच्या पुढच्या बाजूला छापलेला नसतो. तो डेटा शीटमध्ये मिळतो आणि त्याला एचटीएचएस म्हणतात. १५० अंश तापमानाला, सेकंदाला दहा लाख इतक्या घासणीत ऑइल किती जाड राहतं, हे तो सांगतो. मल्टिग्रेड ऑइलमधले पॉलिमर एवढ्या घासणीत आडवे होतात आणि ऑइल तात्पुरतं पातळ पडतं, म्हणून नुसता १०० अंशांचा आकडा फसवू शकतो. ‘५डब्ल्यू-३०’ लिहिलेल्या दोन डब्यांत एकाचा एचटीएचएस २.९ असू शकतो आणि दुसऱ्याचा ३.५. एसीईए सी३ प्रमाणाचं ऑइल ३.५ च्या खाली जात नाही, आणि सीके-४ प्रमाणाचं डिझेल ऑइलही नाही. ताकद वाढवलेल्या इंजिनाला मी ३.५ च्या खालचं ऑइल घालणार नाही.

आणि ऊन? पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात थर्मोस्टॅट कूलंटला ८५-९० अंशांच्या आसपास धरून ठेवतो. बाहेर २५ असो की ४५, सपाट रस्त्यावर चेंबरमधलं ऑइल फार बदलत नाही. बदलतं ते चढावर, लोड घेऊन. धुळ्याहून इंदूरकडे निघालं की शिरपूर, पळासनेर ओलांडून बिजासन घाट लागतो, सुरतेकडे कोंडाईबारी, चाळीसगावहून कन्नडचा घाट. भरलेली गाडी, खालचा गिअर, वेग कमी, रेडिएटरला हवा कमी आणि समोरून येणारी हवाच ४३ अंशांची. अशा वेळी ऑइल ११५-१२० पर्यंत जातं. १२० अंशांना १५डब्ल्यू-४० चा जाडपणा १४ वरून ९ वर आलेला असतो. २०डब्ल्यू-५० चा ११-१२ वर. दुसऱ्या बाजूने बघा : ११० अंशांचं २०डब्ल्यू-५० आणि १०० अंशांचं १५डब्ल्यू-४० यांचा जाडपणा जवळजवळ सारखा. म्हणजे ऑइलचं तापमान दहा अंशांनी उतरवलं की एक ग्रेड चढवल्यासारखंच झालं, आणि तेही सकाळच्या थंड स्टार्टला काहीच न गमावता. रिमॅपिंगवर पैसे घालणाऱ्याने त्यातले काही ऑइल कूलरवर आणि ऑइल टेम्परेचरच्या गेजवर घालावेत, असं मला मनापासून वाटतं.

ग्रेड निवडताना इंजिन बांधणारे जो मापपट्टा वापरतात तो पेट्रोल इंजिनांसाठी साधारण असा : ५० मायक्रॉनच्या आत २० किंवा ३० ग्रेड, ५० ते ६३ मध्ये ३०, ६३ ते ७५ मध्ये ४०, त्याच्या वर ५०. हे ऑइल १०० अंशांच्या आसपास चालतंय असं धरून. टर्बो डिझेलमध्ये जळणाचा धक्का मोठा, म्हणून एक पायरी वर. ५४ चा जर्नल, ५५ मायक्रॉन फट, रिमॅप केलेली पिकअप घेऊ. पट्ट्यावर ३० येतं, डिझेल म्हणून ४०. घाटात ऑइल ११५ ला जातंय म्हणून ५० कडे हात जाईल. पण तीच गाडी सकाळी थंड सुरू होते, दिवसभर शहरात ९० अंशांवर चालते, आणि तिचा टर्बो मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. तिथे मी चार किंवा त्याहून जास्त एचटीएचएसचं चांगलं १५डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-४० घालीन आणि कूलर लावीन. १ एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ गाडी असेल तर ग्रेडच्या आधी कमी राखेचं ऑइल आहे का ते बघावं, नाहीतर धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, भरतो. त्याच डीपीएफच्या साफसफाईत थोडं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं, म्हणून डिपस्टिकवर पातळी वाढताना दिसली तर ऑइल वेळेआधी बदलावं.

घट्ट फटीत जाड ऑइल घालण्याचंही नुकसान आहे, आणि ते कमी बोललं जातं. ३५ मायक्रॉनच्या बेअरिंगमध्ये २०डब्ल्यू-५० घातलं तर वाहणं कमी होतं आणि घासणीची उष्णता वाढते. ती वाहून नेणारं ऑइल कमी असल्याने बेअरिंग चेंबरपेक्षा कितीतरी जास्त तापतं. पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडून ऑइल परत चेंबरमध्ये पडत राहतं. गेजवर प्रेशर भरपूर दिसतं आणि बेअरिंग उपाशी असतं.

मोटरसायकलवाल्यांसाठी एवढंच की यातलं बरंचसं त्यांना जसंच्या तसं लागू नाही. स्प्लेंडरसारख्या शंभर सीसीच्या गाड्यांत क्रँक बॉल बेअरिंगवर आणि बिग एंड नीडल रोलरवर चालतं, तिथे मोजायला ही फटच नाही. त्यांच्या ऑइलमध्ये क्लच आणि गिअरही बुडालेले असतात, म्हणून डब्यावर जासो एमए किंवा एमए२ आहे की नाही ते बघणं जास्त महत्त्वाचं. जुन्या बिडाच्या इंजिनाच्या बुलेटला मात्र बिग एंडला तरंगता बुश असतो आणि इंजिन हवेने थंड होतं. तिला खानदेशचं ऊन थेट लागतं, आणि तिथे ५० ग्रेड खरोखर शोभतं.

इंजिन बांधून झालं, ऑइल भरलं, की पहिल्या फेरीत दोन आकडे वहीत लिहून ठेवावेत : पूर्ण गरम इंजिनाचं आयडलवरचं प्रेशर आणि दोन-तीन हजार आरपीएमवरचं प्रेशर, शेजारी ऑइलचं तापमान. दर हजार आरपीएमला दहा पीएसआय, म्हणजे साधारण ०.७ किलो, हा जुना ठोकताळा बहुतेक इंजिनांना पुरतो. नव्या इंजिनाचं पहिलं ऑइल लवकर काढावं, फिल्टर कापून कागद उन्हात उघडून बघावा. शेलच्या मऊ धातूचे चमकते कण दिसले तर ग्रेड बदलायच्या फंदात न पडता चेंबर उतरवावं आणि बोअर गेज पुन्हा हातात घ्यावं.